सोडतीत निघालेलं नाव

सोडतीचा निकाल लागला त्या मंगळवारी सकाळी दहाच्या आत तेआलोफीच्या घरी सात ताटं आली. एकात नारळाच्या दुधात शिजवलेला टूना होता, दोनांत भाजलेला नीरफणस, एकात किसलेल्या पुलाका कंदाचा गोड गोळा, आणि उरलेल्या तीनांत भात व डब्यातलं गोमांस. तिने ती ओट्यावर ओळीने मांडली आणि मोजली. मोजणं हा तिचा स्वभाव होता आणि नोकरीही. नानुमेआ बेटावरच्या हवामान केंद्रात गेली एकवीस वर्षं ती दर तीन तासांनी वारा, पाऊस आणि तापमान वहीत उतरवत होती. तिच्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एका दिवशी सात ताटं कधी आली नव्हती. टायफॉइड झाला होता तेव्हासुद्धा दोनच आली होती, आणि त्यातलं एक चुकून.

"आई, यातलं आधी कुठलं खायचं?" लागीने विचारलं.

"ज्यांच्या घरून काही मागायला येणार नाहीत, त्यांचं."

चौदा वर्षांच्या लागीने सातही ताटांवरून नजर फिरवली. "मग आज उपास."

ऑस्ट्रेलिया दर वर्षी आमच्या देशातल्या दोनशे ऐंशी जणांना कायमचं राहायला बोलावतं, आणि कुणाला बोलवायचं ते सोडतीने ठरतं. यंदाच्या सोडतीची बातमी आली तेव्हा तेआलोफीचे वडील लाउपेपा गावाच्या सभागृहात उभे राहिले होते. कुटुंबाचे कर्ते म्हणून त्यांना खांबाला टेकून बसायचा मान आहे. उभे राहतात ते फक्त महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा. "आमच्या घरातलं एकही माणूस नाव घालणार नाही," ते म्हणाले होते. "आमचा पुलाका लाकेनाच्या खड्ड्यात आहे. ब्रिस्बेनमध्ये नाही." सभागृहाने मांड्यांवर थापा मारून दाद दिली. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यांच्या घरातल्या अकरा जणांनी नाव घातलं. प्रत्येकाने एकटं जाऊन, बेट कचेरीतल्या एकाच संगणकावर, काईतू कारकुनाच्या मदतीने, आणि कुणाला सांगणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेऊन. काईतूने अकराही शपथा पाळल्या. तो जमीन न्यायालयाचाही कारकून होता. गप्प राहण्याचा त्याला सराव होता.

निकालानंतर अकराही जणांनी आपणहून कबुली दिली, पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव निघालं नाही. निघालं ते तेआलोफीचं, आणि तिने तर नाव घातलंच नव्हतं.

"मी घातलं," लागी म्हणाली. तिने शेवटी पुलाकाचा गोळा निवडला होता. "शाळेच्या संगणकावर. तुझा पासपोर्ट पत्र्याच्या डब्यात होता, परदेशात सुव्याला ट्रेनिंगला गेली होतीस तेव्हाचा."

"आणि फी?"

"आजोबांचं कार्ड. शाळेचं काम आहे म्हटलं. ते म्हणाले, शाळेचं काय काम आहे ते मला सांगू नकोस."

तेआलोफीने हातातलं झाकण खाली ठेवलं. "आणि सोबत येणारी माणसं, असा रकाना असेल ना त्यात? तिथे काय लिहिलंस?"

"मुलगी, एक." लागीने बोटं चाटली. "दुसरं काय लिहिणार?"

खरंच, दुसरं काय लिहिणार? लागी सहा दिवसांची असताना तेआलोफीच्या भावजयीने, पुआकेनाने, तिला चटईत गुंडाळून चाळीस पावलांवरच्या या घरात आणलं होतं आणि तेआलोफीच्या मांडीवर ठेवलं होतं. पुआकेनाला दोन मुलगे होते, तेआलोफीला कुणीच नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी एवढंच करायचं असतं. लागी दोघींनाही आई म्हणते आणि बेटावर कुणाचाही त्यात गोंधळ होत नाही. जे सगळ्यांना माहीत असतं ते आम्ही लिहून ठेवत नाही. लिहायची ती जमीन, कारण तिच्याबद्दल प्रत्येकाला वेगळं माहीत असतं. त्यामुळे लागीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून अजूनही एकच नाव होतं, आणि ते तेआलोफीचं नव्हतं.

"तू काही चुकीचं लिहिलं नाहीस," ती म्हणाली. नंतर, अचूकपणा सुटू नये म्हणून, मनातल्या मनात जोडलं: अजून तरी.

*

आठवं ताट पुआकेनाने स्वतः आणलं. चाळीस पावलांत तिने सगळं नीट जुळवलं होतं. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याचं काही होणार नाही. धाकटा सतरा. अठरा पुरे व्हायला पाच महिने बाकी. पाच महिन्यांत दोन कागद होतात. नणंदेने धाकट्याला दत्तक घ्यायचं, धाकटा तिकडे जाऊन नोकरी धरेल, मग थोरल्याला बोलावेल, मग आईबापांना. नणंद तशी साधी आहे. फक्त तिच्याशी बोलताना आकडे बरोबर असावे लागतात.

दारातच तिला तिचा दीर भेटला. फाईवा घरातला सगळ्यात धाकटा. दोन वर्षं जहाजावर होता, त्यानंतरची अकरा वर्षं जहाजाच्या आठवणींवर. त्याच्यामागे शाळेतले विधुर गुरुजी लिटो स्वच्छ शर्ट घालून उभे होते.

"वहिनी, तू पण?" फाईवा म्हणाला.

"मी ताट घेऊन आलेय. तू काय घेऊन आलायस?"

"नवरा."

गुरुजींनी मान खाली घातली. आतून तेआलोफीचा आवाज आला, "फाईवा, गुरुजींना बसायला दे आणि मग घरी ने."

"ताई, ऐक तर! फॉर्ममध्ये नवऱ्याचा रकाना रिकामा जातोय. इतकी चांगली जागा वाया घालवायची? आणि गुरुजींचा एक भाऊ बोटीवर इंजिनिअर आहे, तो मला—"

"म्हणजे नवरा मला आणि नोकरी तुला?"

"माझा काही आग्रह नाही," गुरुजी हळूच म्हणाले. "मला फक्त चहा आहे म्हणून सांगितलं होतं."

त्यांना चहा मिळाला, आणि भातावरचं गोमांसही. जाताना ते मोकळे झाल्यासारखे दिसत होते. पुआकेनाने ते पाहिलं आणि ठरवलं की सरळ बोललेलं बरं.

"अगं, धाकट्याला तुझ्या नावावर घे. लागीला तर नेशीलच."

"लागीला न्यायला तुझी आणि दादाची सही लागेल, वहिनी."

पुआकेनाला हे खरंच सुचलं नव्हतं. चौदा वर्षांत ती लागीची कागदोपत्री आई आहे हे तिला एकदाही आठवावं लागलं नव्हतं. तिने हळूच ताट खाली ठेवलं. चाळीस पावलांत जुळवलेल्या हिशेबात एकदम एक नवा अंक आला होता, आणि तो तिच्या बाजूचा होता.

"सही काय, करीन की," ती म्हणाली. "घरात बसून बोलू सगळे. गुरुवारी."

*

कागद शुक्रवारच्या बोटीने राजधानीला, फुनाफुतीला जायला हवे होते. पुढची बोट तीन आठवड्यांनी, आणि मुदत दोन. म्हणून गुरुवारी दुपारी सगळे लाउपेपांच्या उघड्या बाजूंच्या घरात केवड्याच्या चटयांवर बसले. लाउपेपा खांबाला टेकून. त्यांच्या उजवीकडे थोरला मुलगा सेमिसी आणि पुआकेना, डावीकडे फाईवा, समोर तेआलोफी. लागी मागे बसून सगळ्यांसाठी शहाळी सोलत होती. काईतू कारकून दोन वह्या आणि पट्टी घेऊन मधे बसला होता.

"प्रार्थना झाली का?" लाउपेपांनी विचारलं.

"दोनदा झाली, बाबा," फाईवा म्हणाला. "एकदा दादाने केली, एकदा वहिनीने."

"मग बोला."

काईतूने घसा साफ केला. "सोबत नवरा किंवा बायको नेता येते आणि अठराच्या आतली मुलं. पण सोडतीनंतर घेतलेली दत्तकं ते भिंगाखाली बघतात. एका माणसाने गेल्या खेपेला सहा पुतणे लावले होते. तो अजून आपल्या बेटावर आहे. पुतण्यांसकट."

सेमिसीने बायकोकडे बघितलं. पुआकेनाने छपराकडे.

"लागीचं मात्र होईल," काईतू पुढे म्हणाला. "शाळेत, दवाखान्यात, लसीच्या कार्डावर, सगळीकडे पालक म्हणून तेआलोफी आहे. फक्त आपल्या दत्तकाच्या वहीत नाही. जन्म देणाऱ्यांनी सही केली, घरच्या कुणी हरकत घेतली नाही, की झालं. आणि एकदा वहीत चढलं की तेआलोफीच्या जमिनीच्या वाट्याला लागी वारस."

जमीन हा शब्द आला की आमच्याकडे शहाळं सोलायचा आवाजसुद्धा थांबतो.

"म्हणजे लाकेनाच्या खड्ड्यातला?" सेमिसीने विचारलं.

"खड्ड्यातलाच. तिच्याकडे दुसरं काय आहे?"

लाकेना हे नानुमेआच्याच प्रवाळबेटांच्या कंकणातलं दुसरं बेट, होडीने थोडं पलीकडे. तिथे वाळू आणि प्रवाळ उपसून, खाली गोडं पाणी लागेपर्यंत खणलेला खड्डा आहे. किती पिढ्यांपूर्वी खणला ते सभागृहात विचारू नये. दर वेळी दोन पिढ्या वाढतात. त्या ओल्या काळ्या मातीत पुलाका होतो, माणसाच्या मांडीएवढा कंद. मोठ्या सणाला सभागृहात कुणाचा कंद केवढा यावर वर्षभराची अब्रू ठरते. खतात कुठली पानं, किती दिवस वाळवून, कुठल्या क्रमाने घालायची हे प्रत्येक घराचं गुपित असतं. लाउपेपांचं गुपित लाउपेपांकडेच होतं. सेमिसी त्यासाठी तीस वर्षं थांबला होता.

"तिचा वाटा तिच्यामागे आमच्या पोरांकडे यायचा," सेमिसी म्हणाला. "आता तो लागीबरोबर ऑस्ट्रेलियात जाणार?"

"लागीही तुझंच पोर आहे ना, दादा?" तेआलोफीने विचारलं.

"आहे ना. पण आता तू तिला तुझी करते आहेस."

"खड्डा काही विमानात बसणार नाही," फाईवा म्हणाला.

"खड्डा नाही, हक्क बसतो," काईतूने दुरुस्त केलं.

पुआकेनाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मी सही करते. आत्ता करते. पण वाटा माझ्या मुलांना. सोडतीत त्यांचं काही निघालं नाही, निदान खड्ड्यात तरी निघू दे."

तेआलोफीला हे आधीच कळायला हवं होतं. होय म्हणणं सोपं होतं. तिने पिशवीतून वही काढली.

"वहिनी, खड्ड्यात मीठ आलंय. मी दर शनिवारी पाणी तपासते. सहा वर्षांपूर्वी खारेपणाचा आकडा दोनच्या खाली होता. तीन वर्षांपूर्वी चार. या शनिवारी साडेसहा. समुद्राचं पाणी पन्नासच्या आसपास असतं. चारच्या वर पुलाका मुळांपासून कुजायला लागतो. वाटा हवा तर घे, पण माहीत असून घे."

मग फाईवा मोठ्याने हसला. "वा ताई! सहा वर्षं मीठ नव्हतं. वहिनीने वाटा मागितला आणि समुद्र आत आला!"

"मी सहा वर्षं सांगतेय. तुम्ही ऐकत नव्हता."

"आणि समज मीठ आहे," पुआकेना म्हणाली. तिचा आवाज आता गोड झाला होता, आणि तो गोड झाला की सेमिसीसुद्धा थोडा दूर सरकतो. "मग तू दर शनिवारी होडी घेऊन, उन्हातान्हात, तिकडे मोजायला कशाला जातेस? निकामी वस्तू कुणी दर आठवड्याला मोजतं का?"

या प्रश्नाला उत्तर होतं. तेआलोफीला ते नीट माहीत होतं. सुव्यात तिला तेच शिकवलं होतं. जे संपत चाललंय तेच दर आठवड्याला मोजायचं असतं. पण हे वाक्य या चटईवर बोलण्यासारखं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आकडा साडेसहा आहे."

"बघा!" पुआकेना सगळ्यांना म्हणाली. "सोडवत नाही तिला."

आणि आता फाईवा, जो इतका वेळ हसत होता, सरळ होऊन बसला. "थांबा. एवढा चांगला वाटा असेल तर तो एकट्या दादाच्या पोरांना का? भाऊ आम्ही दोघं आहोत. अर्धा माझा."

"तुला काय करायचाय? तू खड्ड्यात कधी उतरलायस?"

"उतरेन की. लग्न झाल्यावर."

"कुणाशी, लिटो गुरुजींशी?"

"वहिनी, परवा आपण दोघं एका बाजूला होतो हां!"

"परवा खड्डा मधे नव्हता."

*

लाउपेपा डोळे मिटून ऐकत होते. डोळे मिटले की आपण पूर्वजांचा सल्ला घेतोय असं लोकांना वाटतं, हे त्यांना फार पूर्वी कळलं होतं.

त्यांना तेआलोफीच्या वहीची गरज नव्हती. गेल्या नाताळला त्यांनी सभागृहात जो कंद नेला, तो खालून मऊ होता. त्यांनी पहाटे एकट्याने तो भाग कापून टाकला आणि कापलेल्या बाजूला केळीचं पान बांधलं. सगळ्यांनी पानाच्या गाठीचं कौतुक केलं. त्याआधीच्या महिन्यात त्यांनी खड्ड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं होतं. लहानपणी, अमेरिकी सैन्याने धावपट्टी करताना गावाजवळचे जुने खड्डे बुजवले तेव्हा, त्यांचे वडील असेच कुठल्यातरी पाण्याजवळ बसून राहिले होते. धावपट्टीवर आता माड उगवलेत आणि खड्डे मात्र परत आले नाहीत. लाउपेपांनी पाणी थुंकलं होतं, आणि दुसऱ्याच महिन्यात लागी कार्ड मागायला आली होती.

ते एक शब्द बोलले असते, म्हणजे "पोरगी खरं सांगतेय" एवढंच, तर भांडण तिथेच मिटलं असतं. वाट्याला कुणी हात लावला नसता. आणि मग पुआकेनाला सही करायचं काही कारणही उरलं नसतं. तिने धाकट्याचा हट्ट पुन्हा सुरू केला असता, शुक्रवारची बोट गेली असती.

दुसरीकडे ते कर्ते होते. कर्त्याने आपल्या मुलांना खारट पाणी वारसा म्हणून द्यावं का, हा प्रश्नही होता. त्यांनी तो थोडा वेळ तपासून पाहिला. मुलांना पाण्याचा आकडा नुकताच कळला होता. बहिणीने वही उघडून दाखवली होती. ज्यांना मीठ सांगूनही गोड लागतं, त्यांना काय सांगायचं?

त्यांनी डोळे उघडले.

"वाटा दोन्ही भावांचा, निम्मा निम्मा," ते म्हणाले. "खड्ड्याला मेहनत लागेल. पूर्वीपेक्षा जास्त." यात एकही शब्द खोटा नव्हता. मग ते सेमिसीकडे वळले. "खताचं काय आणि कसं, ते मी तुला सांगेन. सोमवारपासून."

सेमिसीचे डोळे भरून आले. पन्नाशीचा, जाडजूड, तीन समुद्र फिरलेला माणूस. तो चटईवरच पुढे सरकला आणि त्याने वडिलांचा हात धरला. "बाबा," एवढंच तो म्हणाला. असा क्षण त्या घरात पुन्हा यायचा नव्हता, आणि तो तसा आला याचं सगळ्यांना समाधान वाटलं.

तेआलोफी वडिलांकडे बघत होती. त्यांनीही तिच्याकडे बघितलं, आणि मग शहाळं मागितलं. त्या एका नजरेत तिला कळलं की साडेसहा हा आकडा त्यांना नवीन नव्हता. तिने तोंड उघडलं. तिने आकडा दोनदा सांगितला होता. तिसऱ्यांदा सांगितला असता तर फाईवाने पाऊण वाटा मागितला असता. तिने वही पिशवीत ठेवली. वहीत मात्र सगळं होतं, तारखेसह. ज्याला हवं त्याने वाचावं.

*

खड्ड्याचा कागद दहा मिनिटांत झाला. पुआकेनाने दोनदा वाचला, सेमिसीने वाचलाच नाही, फाईवाने आपल्या नावाखाली सुंदर नक्षी काढली. मग काईतूने दुसरी वही उघडली आणि दत्तकाचा छापील कागद बाहेर काढला.

"हे नियमाने मोठ्याने वाचावं लागतं," तो म्हणाला आणि वाचू लागला. नावं, तारखा, बेट. बापाच्या कागदावर सही करून मोकळा झालेला सेमिसी मान डोलावत होता. मग काईतू तिसऱ्या परिच्छेदावर आला. "जन्मदात्या आईचे सदर मुलीशी यापुढे कोणतेही नाते, हक्क अथवा जबाबदारी राहणार नाही."

"थांब," पुआकेना म्हणाली. "ते परत वाच."

त्याने परत वाचलं.

"कोणतेही नाते?"

"छापील आहे. फुनाफुतीहून तसाच येतो."

"नातं राहणार नाही म्हणजे काय? नातं काय, भाड्याची होडी आहे?"

"बाई, कागदाची भाषा असते ती."

"मी पोर दिली होती," पुआकेना म्हणाली. "सोडली नव्हती." तिने तेआलोफीकडे बघितलं. तिच्या नजरेत भांडण नव्हतं. रस्त्यात अनोळखी माणसाला वाट विचारावी तशी ती बघत होती. "तुला दिली तेव्हा असं काही म्हटलं होतं का आपण?"

"नाही, वहिनी. काहीच म्हटलं नव्हतं."

"सहा दिवसांची होती. पाऊस होता. मी म्हटलं, हिला पोटात वारा धरतो, पालथी निजव. दुसरं काही म्हटलं नाही मी."

"आणि ते खरं होतं. पालथी निजली की झोपायची."

सेमिसी चुळबुळला. "अगं, कर की सही. सगळं ठरलंय."

"तू केलीस ना? मग गप्प बस. तुझ्या कागदात बापाचं काय राहणार नाही ते वाचलंस तरी का?"

सेमिसीने वाचलं नव्हतं. आता वाचावं की नाही, हे त्याला कळेना.

लागी शहाळी सोडून पुढे आली होती. इतका वेळ तिला कुणी काही विचारलं नव्हतं. "सही नको असेल तर नको करूस, आई," ती पुआकेनाला म्हणाली. "मग मी इथेच राहते. मोठी झाल्यावर स्वतःचं नाव घालीन."

लागी राहिली तर तेआलोफीही राहणार होती, हे तिने मंगळवारीच ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ती केंद्रावर जाईल, दर तीन तासांनी नोंद करील, दर शनिवारी लाकेनाला जाईल. आणि लागी एका अशा बेटावर मोठी होईल, ज्याचे आकडे तिच्या आईला पाठ आहेत. हे सगळं समोरच्या बाईने पेन उचललं की नाही, एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

पुआकेनाने लागीकडे नीट बघितलं. गुडघ्यावर शहाळ्याचा चिकट डाग. कानामागचा केसांचा भोवरा, जो सेमिसीच्या आईचा होता. उंची जवळजवळ तिच्याएवढी झाली होती; हे कधी झालं?

"तुला कुणी विचारलं?" ती लागीवर ओरडली. "मोठी झाल्यावर नाव घालणार म्हणे! अकरा जणांचं आलं का? हात धू आधी." मग ती काईतूकडे वळली. "लिही."

"काय लिहू?"

"रविवारी ती माझ्याकडे जेवेल."

काईतूने कागद उलटा-सुलटा करून बघितला. "बाई, यात तसला रकाना नाही."

"मग काढ."

"हा सरकारी—"

"पट्टी कशाला आणलीस मग?"

काईतूने लाउपेपांकडे बघितलं. लाउपेपांनी यावेळी डोळे मिटले नाहीत. त्यांनी मान डोलावली. काईतूने तिसऱ्या परिच्छेदाखाली पट्टी ठेवली, एक सरळ रेघ ओढली, आणि जमिनीचे निकाल लिहायच्या अक्षरात तिच्यावर लिहिलं. मग नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं: "रविवारी सदर मुलगी पुआकेना हिच्या घरी जेवेल."

ब्रिस्बेनहून इथे यायला दोन विमानं आणि मग फुनाफुतीहून रात्रभराची बोट लागते, तीही निघाली तर. हे चटईवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. फाईवा काहीतरी बोलणार होता. सेमिसीने त्याच्या मांडीवर हात ठेवला. तेआलोफीने, जिला कुठल्याही नोंदीतला चुकीचा आकडा सहन होत नाही, कागद पुढे ओढला, त्या रेघेखाली सही केली, आणि तो भावजयीपुढे सरकवला.

पुआकेनाने पेन घेतलं. वाकून तिने ती ओळ पुन्हा वाचली, शब्दाशब्दाखाली बोट धरून.

"'रविवारी' नको," ती म्हणाली. "'दर रविवारी' लिही."

ओळीच्या सुरुवातीला जागा उरली नव्हती. काईतूने तो शब्द समासात, बारीक अक्षरात बसवला. ती शाई वाळेपर्यंत थांबली, आणि मग तिने सही केली.